बटणाला रडू द्यायचं नाही

"एवढं मोठं विमान, आणि मूल नेमकं आपल्याच पुढे यायचं होतं," मागच्या सीटवरचे गृहस्थ म्हणाले. हळूच म्हणाले, पण विमानात हळू बोललेलं पुढच्याच्या मानेवर पडतं. त्यांच्या बायकोने त्यांना कानात कापूस घालायला सांगितलं. कापूस सूटकेसमध्ये होता आणि सूटकेस खाली सामानात गेली होती, म्हणजे त्यातही चूक तिचीच निघाली.

मी मागे वळून पाहिलं नाही. एकोणीस वर्षं पाळणाघर चालवलेल्या बाईला असल्या कुरकुरीचं काही वाटत नाही. शिवाय त्यांना सांगणार काय? ही रडू नये असं तुम्हाला जेवढं वाटतंय ना काका, त्याच्या शंभरपट आम्हाला वाटतंय.

ही म्हणजे बटण, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय एक वर्ष दहा महिने, वजन पावणेआठ किलो. जन्मली तेव्हा दुपट्यातून नुसतं नाक दिसत होतं, कोटावर एखादं बटण दिसावं तसं, आणि तेच नाव पडलं. खरं नाव कागदोपत्री आहे. त्या नावाने फक्त डॉक्टर हाक मारतात, आणि तेव्हा ती आपल्या मागे कोण उभं आहे ते बघते.

तिच्या हृदयात जन्मापासून भोक आहे आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी नळी अरुंद आहे. शांत असली की निभतं. जोरात रडली की ती नळी आणखी आवळते, अशुद्ध रक्त तसंच अंगभर फिरतं आणि पोरगी निळी पडते. आधी ओठ, मग नखं, मग सगळीच. पाच महिन्यांची असताना एकदा अशी पडली की डोळे फिरवले. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, शक्यतो रडू देऊ नका. त्यातलं 'शक्यतो' आम्ही दवाखान्यातच ठेवून आलो आणि उरलेलं घरी आणलं.

तेव्हापासून आमच्या घरात 'नाही' हा शब्द बंद झाला. 'थांब हं', 'आधी हे बघ', 'आपण ते नंतर करू', एवढ्यावर आम्ही तीन मोठी माणसं जगत होतो. मिक्सर बाथरूममध्ये नेऊन, दार लावून, वर टॉवेल टाकून फिरवायचा. दाराची बेल ऐकून ती दचकायची, म्हणून तिच्या बापाने बेल काढली आणि तिथे लाल दिवा बसवला. बाहेर बटण दाबलं की आत दिवा लागायचा. ते लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे असलं काम त्यांच्या डाव्या हाताचं. मी त्यांना मेकॅनिक म्हणते, ते मला ताई म्हणतात, आणि दोघांचंही त्यात बरं चाललं आहे.

आणखी एक नियम होता. घरातून जाताना कोणी सांगून जायचं नाही. बहीण दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. बाळंतपणाची रजा संपून पहिल्यांदा कामावर गेली तेव्हा तिने दारातून हात हलवून टाटा केलं. पोरीला काय कळलं कोण जाणे, पण असा आकांत केला की बहीण त्या दिवशी कामाऐवजी पोरीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंटच्या बाकावर बसली. त्यानंतर टाटा बंद. मी बटणाला खिडकीशी नेऊन मांजर दाखवायची, तेवढ्यात बहीण हातात चपला घेऊन मागच्या दाराने सटकायची. पाहुणेसुद्धा मागच्या दाराने जायचे. माझ्या एका मावसभावाने विचारलंसुद्धा, की आम्ही तुमच्याकडे जेवायला येतो की चोरी करायला?

आता ऑपरेशन दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात होतं. गाडीने दोन दिवस लागले असते, विमानाने तीन तास दहा मिनिटं. वरची हवा विरळ, म्हणून आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली होती आणि विमान कंपनीने ऑक्सिजनचा एक लहान सिलिंडर तयार ठेवला होता. चिठ्ठी देताना डॉक्टर म्हणाले, "वाटेत रडली नाही तर अडचण येऊ नये." रडली तर काय, ते आम्ही विचारलं नाही. त्यांनीही पेनाचं टोपण लावायला जरा जास्तच वेळ घेतला.

तर तीन तास दहा मिनिटं. हे काम घरात सगळ्यांनी न बोलता माझ्याकडे दिलं, आणि मी न बोलता घेतलं. मूल रमवणं मला कोणी शिकवलेलं नाही. एकाच खोलीत चौदा मुलं आणि एकच संडास असला की माणूस आपोआप शिकतो. माझा हिशेब असा आहे, की या वयाच्या मुलाला एक वस्तू पंधरा मिनिटं पुरते. ती वस्तू कागदात गुंडाळून दिली तर वीस मिनिटं, कारण कागद उलगडण्यात पाच जातात. खेळणी द्यायची नाहीत. खेळणं मुलाच्या ओळखीचं असतं, त्याच्याकडून फसवणूक होत नाही. मोठ्या माणसांच्या वस्तू द्यायच्या. माझ्या पिशवीत अकरा पुड्या होत्या. शिवणाची टेप, झाकणाची रिकामी औषधाची बाटली आणि तिच्यात वाटाण्याएवढा लाकडी मणी, कपडे वाळत घालायचे चिमटे, मेकॅनिकच्या कामाचा चिकटपट्टीचा रोल, जुनं घड्याळ, असलं सगळं. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने आकडा घातलेला. सगळ्यात जोरकस पुडी शेवटी, कारण उतरताना कान दुखतात.

खिडकीशी मी, मधे बहीण, कडेला मेकॅनिक. विमान वर चढताना मी बटणाला बाटलीने दूध पाजलं, म्हणजे गिळताना कान मोकळे राहतात. तिने सगळं दूध संपवलं, ढेकर दिला आणि समोरच्या सीटच्या खिशातलं सूचनांचं कार्ड चाटून पाहिलं. तिघांनीही एकदमच श्वास सोडला. इतका एकदम की मला हसू आलं. बहिणीला आलं नाही.

पहिली पुडी चोवीस मिनिटं चालली, दुसरी एकोणीस. चिकटपट्टी तर मी मेकॅनिकच्या हातावर चिकटवून दिली आणि ती सोलत बसली. सोलताना त्यांच्या हातावरचे केस निघत होते. ते डोळे मिटून 'होतंय, होतंय' म्हणत होते. लिफ्टमध्ये माणसं अडकली की ते दाराबाहेरून हेच म्हणतात. होतंय, दोन मिनिटं, घाबरू नका. एकदा एक म्हातारे गृहस्थ आत अडीच तास होते आणि हे बाहेरून अडीच तास दोन मिनिटं म्हणत होते. अशा माणसाशी संसार करणं सोपं असतं आणि खरं बोलणं अवघड.

तसं आम्ही तिघांनी त्या विमानात पुड्यांशिवाय दुसरं काही बोलायचं टाळलं. आता चार नंबर काढ. नको, ती अजून रमली आहे. पाणी पाजू का? जरा थांब. बहिणीने मांडीवर फाईल धरली होती. जाडजूड, प्लॅस्टिकची, निळ्या रंगाची. दुकानात दुसरा रंग नव्हता. ती फाईल वरच्या कप्प्यात ठेव म्हटलं तरी तिने ठेवली नाही.

त्या फाईलमध्ये काय आहे ते आम्हाला तिघांनाही पाठ आहे. बटण नऊ महिन्यांची असताना आमच्याच शहरातल्या सर्जननी सांगितलं होतं की हिचं ऑपरेशन वर्षाच्या आत करून टाकू, आत्ता सोपं आहे. तारीखही दिली. पण त्या तारखेच्या आधी चार महिने पोरीला एकही झटका आला नव्हता. येणार कसा? आम्ही रडूच देत नव्हतो. ती नुसती हसायची. भिंतीला धरून चालायची, माझ्या पाळणाघरातल्या दांडगट पोरांना बोट दाखवून हसायची. तारखेच्या आदल्या आठवड्यात तिघं जेवायला बसलो होतो, आणि मी म्हटलं, एवढी हसती-खेळती पोर, हिची छाती उघडायला कशी द्यायची? जरा वजन वाढू दे. मेकॅनिक म्हणाले, ताई म्हणतात ते बरोबर आहे. बहिणीने दोघांना आणखी भात वाढला. दुसऱ्या दिवशी तिने फोन करून तारीख पुढे ढकलली.

पुढच्या तारखेला सर्दी झाली. तिसऱ्या तारखेला सर्दी नव्हती, आम्ही ती शोधून काढली. मग ते सर्जन दुसरीकडे गेले. गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरांनी तपासणी केली तेव्हा ती नळी सुतासारखी झाली होती. न रडताही तिची नखं निळसर दिसायला लागली होती, आणि आम्ही त्याला थंडी म्हणत होतो. ते म्हणाले, आता हे आमच्या हातचं राहिलं नाही, मोठ्या हॉस्पिटलात न्या. तिथेही कितपत जमेल ते तेच सांगतील. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, बहिणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना, सगळ्यांना आम्ही एकच सांगत आलो की तारीखच मिळत नव्हती. असं ठरवायला आम्ही कधी बसलो नव्हतो. एकाने सांगितलं, बाकीच्या दोघांनी मान हलवली.

सहाव्या पुडीच्या वेळी बटण माझ्या मांडीवर उभी राहिली आणि सीटवरून मागे डोकावली. मागचे गृहस्थ झोपेच्या बेतात होते. त्यांना चकचकीत टक्कल होतं आणि भुवया मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. बटणाने त्यांच्याकडे एखादी चांगली पुडी उघडावी तसं पाहिलं. मी तिला खाली घ्यायला गेले, तर तिने खालचा ओठ पुढे काढला. तो ओठ आमच्या घरात धोक्याची घंटा आहे. मी हात काढून घेतला.

"बाई, मुलाला एकदा दटावलं तर काही बिघडत नाही," गृहस्थ म्हणाले.

मी म्हटलं, हो ना.

पण ती हसली. तिला वरचे चार दात आहेत आणि मधे फट आहे. ते हसू बघून माझ्या पाळणाघराचं भाडं वाढवायला आलेली मालकीणसुद्धा दोनदा आली तशी परत गेली होती. गृहस्थांनी आधी एक भुवई उचलली. मग दुसरी. मग दोन्ही आळीपाळीने. बटण खिदळली. त्यांची बायको मला म्हणाली की घरी नातवंडांसाठी हे एवढंसुद्धा करत नाहीत हो. पुढची चाळीस मिनिटं मला एकही पुडी काढावी लागली नाही. गृहस्थ रुमालात तोंड लपवत होते, बाहेर काढत होते, आणि दर वेळी तिला ते नवीनच वाटत होतं. मी मान मागे टेकली. मला वाटलं, आता पोचलो. पाच पुड्या शिल्लक, एक तास शिल्लक. मी मनात थोडी फुशारलेसुद्धा, ते लपवत नाही.

मग गृहस्थांना बाथरूमला जायचं होतं. भला माणूस. सांगून जावं असं त्यांना वाटलं. ते उठले, वाकले आणि हात हलवून तिला म्हणाले, "टाटा, हं, टाटा."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग पाठमोऱ्या त्यांच्याकडे. तिच्या सबंध आयुष्यात कोणी दुसऱ्यांदा तिला सांगून जात होतं. एरवी माणसं तिच्या घरातून नाहीशी व्हायची आणि परत उगवायची, त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. जाणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे आम्ही तिला शिकवलंच नव्हतं. आमच्या पाळणाघरातली दीड वर्षाची पोरं आईला टाटा करून, दोन मिनिटं भोकाड पसरून, नाक पुसून खेळायला लागतात. हिला ती दोन मिनिटं कधी मिळाली नव्हती.

आधी ती गप्प झाली. मग तोंड उघडलं, आणि बराच वेळ आवाजच आला नाही. मी सातवी पुडी काढली, फाडली, घड्याळ तिच्या डोळ्यांसमोर धरलं. तिने ते हाताने उडवलं. आठवी. नववी. मणी कुठेतरी घरंगळला. मग आवाज आला, आणि तो आवाज मी पाळणाघरात हजारदा ऐकला असेल, पण हिचा त्या पहिल्या टाटापासून ऐकला नव्हता. बहीण माझ्या हातातून तिला ओढून घेत होती. ओठांची कड शाईसारखी झाली. मग ओठ. मेकॅनिकनी डोक्यावरची घंटी दाबली, हवाई सुंदरी धावत आली, तिने एकदा पाहिलं आणि सिलिंडर आणायला गेली.

मेकॅनिक तेव्हा होतंय म्हणाले नाहीत. त्यांनी पोरीचे गुडघे तिच्या पोटाशी दुमडून धरले, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसे, घट्ट. बहिणीने मास्क धरला. मास्क मोठ्या माणसाचा, तिचं सगळं तोंड त्यात. रडणं थांबलं, पण ते शांत होऊन थांबलेलं नव्हतं. मान लुळी पडली. माझ्या मांडीवर फाडलेले कागद होते आणि मी ते गोळा करत होते. का, ते मला अजून सांगता येत नाही. करण्यासारखं दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

ध्वनिक्षेपकावर कोणी डॉक्टर आहे का म्हणून विचारलं. डॉक्टर नव्हते. चार-पाच रांगा मागून एक बाई आल्या, साध्या, वेणी घातलेल्या, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. त्यांनी काही न विचारता मेकॅनिकचे हात थोडे वर सरकवले, गुडघे आणखी छातीशी आणले, मास्क एका बाजूने दाबून धरला आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. खाली वाटेवरच बसल्या, गुडघ्यांवर. त्यांचे ओठ हलत होते, आकडे मोजत असाव्यात. मागचे गृहस्थ परत आले होते आणि वाटेत उभे होते. त्यांना पुढेही येता येईना आणि मागेही जाता येईना. त्यांनी फक्त एकदा विचारलं, माझ्यामुळे का? त्यांच्या बायकोने त्यांना बाही धरून खाली बसवलं.

किती वेळ गेला, ते मी घड्याळ असून पाहिलं नाही. मग बटणाच्या कपाळावर घाम आला. नर्सबाई म्हणाल्या, येतेय, येतेय. नखांचा रंग जांभळ्यावरून राखाडीवर आला, राखाडीवरून फिकट. तिने डोळे उघडले. आमच्याकडे पाहिलं, पण ओळखीचं पाहिलं नाही, आणि पुन्हा मिटले. श्वास चालू होता. बाईंनी दोन बोटं तिच्या दंडाच्या आत धरून ठेवली आणि तशाच राहिल्या.

वैमानिकाकडून निरोप आला की अर्ध्या तासात उतरतोय, खाली ॲम्ब्युलन्स तयार आहे. हवाई सुंदरीने आम्हाला पट्टे बांधायला सांगितले आणि नर्सबाईंना मेकॅनिकच्या जागेवर बसवलं. मेकॅनिक पलीकडच्या रांगेत कडेला बसले, आमच्याकडे तोंड करून, एक हात वाटेवरून पुढे करून. त्यांचा हात बटणाच्या पायाला जेमतेम पुरत होता.

बाईंनी फाईल मागितली. बहिणीने दिली. त्या एका हाताने पानं उलटत होत्या, सराईतपणे, न थांबता. मग एका पानावर थांबल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वॉर्डात रोज विचारत असतील तसंच विचारलं, की हिचं वर्षाच्या आत करायला सांगितलं होतं ना, मग राहिलं कसं?

"तारीखच मिळत नव्हती हो," मेकॅनिक पलीकडून म्हणाले.

मी मान हलवली. सवयीने हलली.

बाई बरं म्हणाल्या आणि पान उलटणार होत्या. बहिणीने त्या पानावर हात ठेवला. तिचा दुसरा हात पोरीच्या डोक्यावर होता, घामाने केस चिकटलेल्या त्या एवढ्याशा डोक्यावर.

"मिळाली होती," ती म्हणाली. "तीनदा मिळाली होती."

मेकॅनिकनी हात मागे घेतला नाही, पण डोळे खाली घातले. मी म्हणाले, की थांब म्हणणारी मी होते, वजन वाढू दे असं मीच म्हटलं होतं, माझ्या नावावर घाल. हे बोलायला मला बारा महिने लागले होते, आणि बोलल्यावर वाटलं होतं तेवढं हलकं काही वाटलं नाही.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मला शिक्षा दिसली असती तर मी घेतली असती.

"तू म्हणालीस. पण फोन मी केला," ती म्हणाली. "तू म्हणायची वाटच बघत होते मी. ती हसत होती आणि आपल्याला बरं वाटत होतं, म्हणून आपण उशीर केला, ताई. आता ती वाचली नाही, तर आपल्यामुळे."